काळा दोरा दिसतोय? दिसू दे

भुताच्या पिक्चरमध्ये ऐन वेळी लाइट जाते, यावर शहाणी माणसं हसतात. मला ते कधीच खटकलेलं नाही. आमच्याकडे भुताशिवायही जाते.

मी सिनेमाचा जाणकार नाही. मी सिनेमा बघतो तो रविवारी दुपारी वरणभात अंगावर आलेला असताना, लसूण सोलताना, नाहीतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत पाय कुठे ठेवायचे हे ठरत नसताना. त्यामुळे माझ्या मतांना काडीचा आधार नाही. पण आधार नाही म्हणून मत द्यायचा थांबलेला माणूस मी महाराष्ट्रात अजून पाहिलेला नाही. मग मीच का थांबू?

निमित्त भाच्याचं. तो सिनेमाचा कोर्स करतो. परवा जेवताना विचारतो, "मामा, तुझं आवडतं जॉनर कुठलं रे?" बायकोला वाटलं लोणच्याचं चाललंय, तिने बरणी पुढे सरकवली. मग त्याने समजावलं की जॉनर म्हणजे सिनेमाचा प्रकार. असं होय! प्रकार तर आमच्या आईलाही ठाऊक होते. तिच्या हिशेबी ते पाच: देवाचा, रडका, मारामारीचा, भुताचा आणि तसला. रस्त्याच्या पलीकडून पोस्टर बघून ती प्रकार सांगायची. 'तसला' तर मान आधी वळवून मग सांगायची. रडक्याला दोन रुमाल, देवाच्याला उपास. १९७५ साली 'शोले' आला त्याच वर्षी 'जय संतोषी माँ' आला. त्याचा खर्च 'शोले'च्या तुलनेत किरकोळ, चमत्कार तर आपल्या गल्लीतल्या गणपतीच्या देखाव्यासारखे. तरी लोक चपला काढून आत बसायचे. सत्तर एमएमच्या पडद्यासमोर कुणी चपला काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

माझा प्रकार भुताचा. आणि भुतांमध्ये रामसे.

रामसे कुटुंब फाळणीत कराचीहून आलेलं. लॅमिंग्टन रोडवर त्यांचं रेडिओचं दुकान. वडिलांनी सिनेमात पैसे घातले आणि १९७० साली 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' सपशेल पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि लोक तेवढ्यासाठी येतात हे पोरांच्या लक्षात आलं. वडिलांना तोटा दिसला, पोरांना मुखवटा दिसला. दोन वर्षांत 'दो गज़ ज़मीन के नीचे' तयार. महाबळेश्वरला लोक स्ट्रॉबेरी खायला जातात, हे प्रेत पुरायला गेले.

सात भाऊ. एक लिहिणार, कुणी कॅमेऱ्यामागे, कुणी आवाजावर, कुणी संकलनाला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. बाहेरचा माणूस घ्यायचा तो फक्त मरण्यापुरता. आमच्याकडे दोन भावांना मिळून वडिलोपार्जित घराला साधा रंग देता येत नाही, आणि इथे सात भाऊ मिळून घर पछाडत होते. शिकले कुठे, तर जोसेफ मॅसेलीचं कॅमेऱ्यावरचं एक पुस्तक वाचून. एक पुस्तक! भाच्याच्या कोर्सची फी मी विचारलेली नाही. बहिणीचा चेहरा पुरेसा बोलका आहे.

१९८४ चा 'पुराना मंदिर' मी भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला. चाळीतली तीस माणसं, एक टीव्ही, आणि कॅसेट दर वीस मिनिटांनी अडकणार. सामरी नावाचा सैतान, त्याचं धड एकीकडे, मुंडकं दुसरीकडे. हे मला त्या वयातही पटलं होतं, कारण आमच्या सोसायटीचा कारभार तसाच चालायचा. सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल रुरकीतून शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. म्हणजे पडक्या वाड्यात वावरायला कागदोपत्री लायक असलेलं हे बहुधा आपलं पहिलंच भूत. मेकअप कमी असला तरी त्या माणसाचं काही बिघडत नसे. देवाने उंची आणि चेहरा दिलेला, त्याचं भाडं लागत नव्हतं.

आणि १९९० चा 'बंद दरवाज़ा'. तो मी कोल्हापूर-मुंबई व्हिडिओ कोचमध्ये पाहिला, म्हणजे पाऊण पाहिला. काळ्या पहाडीवरचा नेवला नावाचा रक्तपिपासू, वटवाघूळ, धूर, सगळं रंगात आलेलं. आणि नेमका तो दरवाजा उघडणार तेवढ्यात मागच्या सीटवरचे एक काका ओरडले, "अहो क्लीनर, बंद करा ते! लहान मुलं आहेत." लहान मुलं सगळी जागी आणि टक लावून बसलेली. घाबरले होते ते काका. क्लीनरने टीव्ही बंद केला. त्या पिक्चरचा शेवट मला आजतागायत माहीत नाही.

आता रामसेंचं सगळंच गोड मानायला मी काही त्यांच्या घरचा आठवा भाऊ नाही. भूत यायच्या आधी नायिकेने आंघोळ केलीच पाहिजे हा नियम कुणी केला कोण जाणे. पाणीटंचाईच्या राज्यात इतक्या आंघोळी! आणि ती विनोदी उपकथा. 'पुराना मंदिर'मध्ये भीतीने जरा अंग चोरून बसावं तर जगदीप मच्छरसिंग बनून 'शोले'ची नक्कल करत येणार. तो आला की चाळीतले पुरुष विडी ओढायला बाहेर जायचे. भुताच्या पिक्चरला मध्यंतर एक असतं, रामसेंनी चार दिली. त्यातल्या त्यात 'वीराना'त सतीश शाह भयपटांचा दिग्दर्शक झालेत आणि पात्राचं नाव चक्क हिचकॉक. ही स्वतःचीच टवाळी मात्र मला आवडली. कोट्यवधींचे पिक्चर काढणाऱ्यांपैकी कितीजण स्वतःची अशी उडवतील?

चोरीचं म्हणाल तर चोरी सगळेच करतात. आमचे महेश कोठारे काय कमी? १९८८ ला अमेरिकेत 'चाइल्ड्स प्ले' आला, खुनी माणसाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. १९९३ ला आपल्याकडे 'झपाटलेला'. पण बघा, तिकडच्या बाहुल्याचं नाव चकी, आपला तात्या विंचू. आधी 'तात्या' म्हणायचं आणि मग घाबरायचं, हे फक्त मराठी माणसालाच जमतं. आपण ज्यांना आयुष्यभर घाबरलो ते सगळे कुणाचे ना कुणाचे तात्याच होते. बाहुला रामदास पाध्यांनी केलेला, फक्कड. पण खरं सांगू? तो बाहुला फार काही करत नाही. मान वळवतो, डोळे फिरवतो, थोडा धावतो. बाकी सगळं लक्ष्याने केलंय. लक्ष्मीकांत बेर्डेचा चेहरा असा काही पांढरा पडतो की आपण बाहुल्याकडे बघतच नाही, लक्ष्याकडे बघून घाबरतो. भूत दाखवायला पैसा लागतो. भूत दिसलेला माणूस दाखवायला नट लागतो, आणि तो तुलनेने स्वस्त पडतो. हे गणित ज्यांना कळत नाही ते संगणकावर चारशे माणसं बसवून राक्षस करतात आणि त्याच्यासमोर नायक असा उभा राहतो, जणू बँकेत टोकनची वाट बघतोय.

भाचा म्हणाला, "पण मामा, तुझ्या असल्या पिक्चरमध्ये दोरा दिसतो रे!" दिसू दे की. बाबूभाई मिस्त्री नावाचे ट्रिकसीनचे उस्ताद होते. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त त्यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू नाचवल्या, आणि पुढे धंद्यातले लोक त्यांनाच 'काला धागा' म्हणायला लागले. माणसाच्या हातातल्या वस्तूवरून माणसाला नाव पडावं, हा मान हल्ली कुणाला मिळतो? आता पिक्चरच्या शेवटी नावांच्या यादीत साडेसातशे तंत्रज्ञ वर सरकतात. त्यातला दोरा कुणी धरला होता हे त्यांच्या आईलाही सापडायचं नाही.

आणि दोरा कुठवर मागे जातो बघा. आपले दादासाहेब फाळके तरी कोण? कमी पैशात चमत्काराचे पिक्चर काढणारा गृहस्थ. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ला बाई मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर तेच राम आणि तेच सीता. एकाच मानधनात अख्खा संसार. आज एखाद्या निर्मात्याने हे केलं तर भाचा त्यावर तीस पानांचा निबंध लिहील.

म्हणून मला मालेगाव आवडतं. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी माग बंद. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिरने तिथे 'मालेगाव के शोले' काढला. घोडे परवडेनात, तर डाकू सायकलवर. मला विचाराल तर मूळ गब्बरपेक्षा हे डाकू जास्त भीतीदायक. घोड्याला निदान टापांचा आवाज असतो, सायकल कुठून येईल सांगता येत नाही. आम्ही पुण्यात राहिलोय, आम्हाला माहीत आहे. पुढे त्यांनी सुपरमॅन केला तेव्हा क्रेन म्हणून बैलगाडीच उलटी उचलली आणि हिरो म्हणून मागावर काम करणारा काटकुळा पोरगा उडवला. फैझा अहमद खान यांनी त्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि मग जगाला मालेगाव सापडलं. २०२५ मध्ये तर त्या सगळ्यावर मुंबईने रीतसर सिनेमा काढला. त्यात क्रेन बैलगाडीची नसणार, असा आपला माझा अंदाज.

ही 'सापडण्या'ची भानगड मला जरा संशयास्पद वाटते. मागच्या महिन्यात भाच्याच्या मित्रांनी घरी 'गुंडा' लावला. कांती शहांचा, १९९८ चा, मिथुनचा. मला बोलावलं होतं ते त्या काळातला माणूस म्हणून, जसं पुरातत्त्व खात्याचे लोक गावातल्या म्हाताऱ्याला खड्ड्याजवळ खुर्ची टाकून बसवतात. पोरं दर संवादाला टाळ्या, दर गोळीला शिट्ट्या. "मामा, इतका वाईट आहे की भारी आहे!" मी म्हटलं, बाबांनो, मला तो तेव्हाही वाईट वाटला होता, आताही वाईटच वाटतोय. यमक जुळवून शिव्या दिल्या म्हणून त्याचं काव्य होत नाही. बायकांचं त्यात जे चाललंय ते बघून तर मला आईसारखी मान वळवावीशी वाटली. पोरांचे चेहरे पडले. साक्षीदार फितूर झाला.

माझा आक्षेप पैशाला नव्हताच. आळस आणि गरिबी यांत फरक असतो, आणि तो पडद्यावर पहिल्या पाच मिनिटांत दिसतो. सायकलवरचा डाकू गरीब असतो, आळशी नसतो.

आपल्याकडे कमी खर्चात घाबरवायची सोय किती आहे म्हणून सांगू! विशाल फुरियांचा 'लपाछपी' बघा, २०१७ चा. त्यांनी वाडा नाही घेतला, धुकं नाही मागवलं. सरळ उसाच्या फडात पूजा सावंतला सोडलं. उसाचा फड हा महाराष्ट्रातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भयाण सेट. साखर कारखान्याचा चेअरमन एकदाही न दाखवता अंगावर काटा येतो. पुढे हिंदीत त्याचाच 'छोरी' झाला, आणि मराठीला जे भूत फुकट सापडलं होतं त्याची विक्री झाली.

'तुंबाड'चं मात्र कबूल करतो, तिथे मी चुकलो. राही बर्वेंनी कित्येक पावसाळे खर्ची घालून केलेला पिक्चर. मूळ धागा नारायण धारपांच्या कथेचा, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' कादंबरीवरून आलेलं, म्हणजे माझ्यासारख्या वाचनालयातून धारप आणून पांघरुणात वाचणाऱ्याने पहिल्या दिवशी रांगेत उभं राहायला हवं होतं. २०१८ ला मी गेलो नाही. म्हटलं, गळका वाडा आणि सततचा पाऊस तिकीट काढून काय बघायचा, आमच्या सोसायटीची गच्ची आहे. २०२४ ला तो परत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमला. त्यात माझं एक तिकीट होतं, बायकोचं एक, आणि दोघांच्या तिकिटांपेक्षा महागडे पॉपकॉर्न. खरी धास्ती मला त्या काउंटरवर बसली. पिक्चरमधला राक्षस हस्तर त्यानंतर.

परवा भाच्याने जाता जाता मोबाइल पुढे केला. 'बंद दरवाज़ा' त्याने कुठूनसा शोधून काढला होता, चांगला स्वच्छ, आणि नेमका तिथेच आणून थांबवला होता. "बघ मामा, शेवट राहिला होता ना तुझा?" पडद्यावर तोच दरवाजा. हात दरवाज्याला लागलेला. मी लसणाच्या पाकळ्या बाजूला ठेवल्या, चष्मा पुसला, आणि मग मोबाइल त्याला परत दिला.

इतकी वर्षं त्या दरवाज्याच्या मागे मी काय काय उभं करून ठेवलंय. रामसेंना ते परवडलं नसतं.