छप्पर कामगाराचं, कारखाना मालकाचा

सोलापूरजवळ कुंभारीत १९ जानेवारी २०२४ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी रे नगरमधली १५ हजार घरं असंघटित कामगारांना दिली. त्याच कुंभारीत २००६ साली मनमोहन सिंगांनी गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या वसाहतीतली १० हजार घरं विडी कामगार बायांच्या हाती सोपवली होती. पक्ष बदलला, बातमी तीच: सरकारनं घर दिलं. साफ खोटं आहे हे. या बायांनी मोर्चे काढले, गृहनिर्माण संस्था उभ्या केल्या, विडीच्या मजुरीतून आपला हिस्सा भरला. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांची लाल बावटा संघटना वर्षानुवर्षं मुंबई-दिल्लीचे उंबरे झिजवत राहिली. सरकारकडून घरं वसूल केली, असं लिहा.

आता त्या घरात डोकावा. बाई विडी मालकाच्या ब्रँचमधून पानं-तंबाखू आणते, घरी बसून विड्या वळते, परत नेऊन देते. मजुरी हजार विड्यांवर. मालकाला शेड बांधायला नको, भाडं नको, वीजबिल नको. तंबाखूची धूळ मात्र तिच्या पोरांच्या नाकात. लढून मिळवलेल्या छपराखाली मालकाचा कारखाना फुकट चालतो, हे मला सहन होत नाही. त्यात २०१७ साली जीएसटीच्या निमित्तानं विडीवरचा कल्याण उपकर रद्द झाला. कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरांचं अनुदान त्याच पैशातून येत असे.

पण मालकाला पर्याय आहे. केरळच्या कण्णूरमध्ये विडी कामगार कायदा लागू होऊ लागला तेव्हा मालकांनी कामच बंद केलं. बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ साली ‘दिनेश बीडी’ ही स्वतःची सहकारी संस्था काढली, राज्य सरकारनं भांडवलाला हात दिला. पुढे विडीचा खप घसरला तशी संस्था खाद्यपदार्थ आणि छत्र्या बनवू लागली. म्हणजे मालकाशिवाय धंदा चालतो, आणि विडी सुटली तरी चूल पेटती राहते.

सोलापुरात टॉवेल-चादरीचं, शिलाईचं कसब घराघरात आहे. हजारो कुटुंबांच्या संस्था आधीच नोंदलेल्या आहेत. रे नगरच्या गृहनिर्माण संस्थांच्या फेडरेशननं घरांवर थांबू नये. पुढची मागणी उत्पादक सहकारी संस्थेसाठी जागेची आणि भांडवलाची करावी. आणि त्या मोर्चात, सोलापूरकरहो, तुम्हीही चाला.