भोंगा वाजवायचा कुणी?

परवा भाईंदरला आमच्या नवघरातल्या सोसायटीची सभा भरली. विषय टाकीच्या सफाईचा होता, गाडी घसरली मोबाइलवर. निमित्त नववीतल्या एका पोराचं. डब्याच्या पिशवीत तळाशी लपवलेला फोन भर गणिताच्या तासाला वाजला. फोन आईचाच होता, "डबा संपवलास का?" म्हणून विचारायला. बाईंनी फोन जप्त केला आणि तो परत न्यायला त्याच आईला शाळेत बोलावलं.

पोरांना शाळेत फोन नकोच, यावर सभेचं तत्काळ एकमत झालं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव काढलं. तिथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. दीड तास मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. "आपणही बसवू की! मिठागरापर्यंत ऐकू जाईल असा!" काकांना टाळ्या पडल्या.

पण वडगावाला ग्रामपंचायत आहे. नवघरची ग्रामपंचायत 1985 साली नगरपरिषदेत विरघळली आणि 2002 मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. आता भोंग्यासाठी कुठल्या खिडकीवर अर्ज द्यायचा, यावर पंधरा मिनिटं गेली. शिवाय नवघर रोडवर संध्याकाळी सातला रिक्षांचे इतके भोंगे वाजत असतात की त्यातला अभ्यासाचा कोणता, हे ओळखायलाच एक शिकवणी लावावी लागेल. आणि त्या वेळी निम्मे बाप विरार लोकलमध्ये, बोरिवलीच्या अलीकडे, चौथ्या सीटवर अर्धे टेकून नाकासमोर फोन धरून बसलेले असतात. त्यांना भोंगा कोण ऐकवणार?

सरकारचं तरी एक मत कुठे आहे? नोव्हेंबर 2016 मध्ये फतवा निघाला होता, की हजेरी वाढावी म्हणून शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांसोबत सेल्फी काढून 'सरल' या सरकारी पोर्टलवर चढवावी. शिक्षक बिथरले, फतवा बासनात गेला. 2020 मध्ये तर फोन हीच शाळा झाली. ज्याच्या घरी फोन नव्हता, त्याची शाळाच सुटली. पुढे वर्ग उघडले आणि त्याच फोनचं रातोरात व्यसन झालं. वह्यापुस्तकांना असा अपमान कधी सोसावा लागला नव्हता.

असो. ठराव मताला टाकणार, तोच सेक्रेटरींनी वडगावचा नियम नीट वाचून दाखवला. सात ते साडेआठ मोबाइलच नव्हे, टीव्हीही बंद. पोरांचाच नाही, घरातल्या सगळ्यांचा.

सभा गप्प. मग मागून एका आजींनी विचारलं, "म्हणजे आमच्या मालिका?"

टाकी साफ करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. भोंग्याचा विषय पुढच्या सभेला ठेवला आहे. पोरांवरची बंदी मात्र सोमवारपासून लागू.