साखळी जोडून गेलेल्या भाऊंना खुले पत्र

भाऊ,

सीताबर्डीहून तुम्ही माझ्या घरी आलात, वीस मिनिटांत तीन हार्डडिस्क कॉम्प्युटरला साखळीने जोडल्यात, मजुरी घेतलीत आणि उंबऱ्यातून जाता जाता म्हणालात, "मशीन म्हातारं झालं, कबाड्याला द्या. नवीन घ्या." त्या वाक्याचा मला अजून राग आहे.

माझ्याकडे मिनीडीव्हीच्या साठ कॅसेट आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मारबत मिरवणूक, वडिलांनी वर्षानुवर्षं गर्दीत उभं राहून टिपलेली. 1881 पासून निघणारी काळी मारबत, 1885 पासूनची पिवळी, नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट, बडग्यांच्या, म्हणजे वाईटावर बोट ठेवणाऱ्या पुतळ्यांच्या, गळ्यातल्या पाट्या. तासाची एक कॅसेट म्हणजे सुमारे 13 जीबी, साठांचे 780. मशीनमध्ये उतरवलेलं हे सगळं मला बाहेरच्या डिस्कवर ठेवायचं होतं.

तीन तासांचं काम सहा तासांवर गेलं, तेव्हा मी टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरलो. मशीनमधून निघालेल्या केबलचं दुसरं टोक सहा पिनांचं होतं. सगळ्यात जुनी, फायरवायर 400 या निम्म्या वेगाच्या जोडणीची डिस्क तुम्ही मशीनला लागून बसवली होती आणि 800 च्या दोन्ही डिस्क तिच्या पाठीमागे. साखळीत मागच्याचा माल पुढच्याच्या अंगातून जातो, भाऊ. इतवारी–नागभीडची अरुंद रुळांची छोटी लाइन आठवा, 2019 मध्ये बंद झालेली. ब्रॉडगेजच्या मधोमध तसा एक तुकडा टाकला, तर पलीकडचे रुंद रूळ काय कामाचे? जुनी डिस्क शेवटी लावली असती, तर तिच्या आधीच्या दोघींचा वेग शाबूत राहिला असता. मी केबल काढून तेवढंच केलं. तीच कॉपी तीन तासांत झाली, त्याच "म्हाताऱ्या" मशीनवर.

काय विकायचं ते तुम्हाला पाठ होतं, काय कुठे जोडायचं ते नव्हतं. चूक कोणाचीही होते, पण स्वतःच्या चुकीचं खापर तुम्ही मशीनवर फोडलंत. आणि ते मशीन मी खरंच देऊन टाकलं असतं तर? आजच्या नव्या मशीनला फायरवायरचं सॉकेटच नाही. ॲपलने 2025 च्या मॅकओएस टाहोमधून तर फायरवायर काढूनच टाकलं. माझा कॅमेरा कॅसेट उतरवतो तो याच तारेतून. अजून उतरवायच्या आहेत त्या घरच्या इतर कॅसेट मग कपाटातच राहिल्या असत्या, आणि चुंबकीय फीत वाट पाहत नाही, ती झिजते. त्या रात्री यंदाचा एक बडग्या तुमच्याच नावाने काढावा, असं मला मनापासून वाटलं होतं.

मजुरी परत नको. आणखी ज्या ज्या घरी हेच सांगून आलात, तिथे आज फोन करा. मशीन अजून दारात असेल, तर कबाड्याला थांबवा.