निळा टॅग आणि निळी काच

दवाखान्यातला जो माणूस डॉक्टर नाही, नर्स नाही आणि झाडूही मारत नाही, त्याला कर्जत तालुक्यातल्या कळंब परिसरात ‘पॅरामेडिकलवाला’ म्हणतात. रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, डायलिसिसचे यंत्र सांभाळणारा, भूल देताना डॉक्टरशेजारी उभा राहणारा, अर्धांगाने लुळा पडलेला हात पुन्हा कामाला लावणारा, हे सगळे त्यात येतात. संसदेने २०२१ मध्ये या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यांचे दहा गट पाडले. संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या शिक्षणाला किमान २,००० तास आणि फिजिओथेरपीसारख्या आरोग्यसेवेच्या पदवीला किमान ३,६०० तास ठरले. अंमलबजावणी इतकी रेंगाळली की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. महाविद्यालये मात्र मुदतीसाठी थांबली नाहीत. कायद्याने तास मोजले, माहितीपत्रकांनी मजले.

कळंबात महाविद्यालय शोधण्याचे आणि भाताचे बियाणे आणण्याचे दिवस एकमेकांना लागून येतात, त्यामुळे दोन्ही निवडींची तुलना करणे सोपे जाते. नेरळच्या नाहीतर कर्जतच्या दुकानात बियाण्याची पिशवी हातात घेतली की बाप ती आधी उलटी करतो. प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग आहे का, लॉट क्रमांक कोणता, मुदत कधीपर्यंत, उगवण किती टक्के हे तो वाचतो. भाताला ती किमान ८० टक्के लागते, हे त्याला पाठ असते. मग गेल्या वर्षी हे वाण कोणाच्या शेतात होते आणि पावसात आडवे पडले का, याची चौकशी होते. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासून तालुक्यात असले तरी त्याच्या ‘कर्जत-३’ या वाणावरही माणूस शेजाऱ्याचा बांध पाहिल्याशिवाय विश्वास टाकत नाही. दहा किलोंच्या पिशवीसाठी दोन दिवस जातात.

चार वर्षांच्या पदवीसाठी एक फ्लेक्स पुरतो. तो कर्जतच्या चारफाट्यावर किंवा नेरळ स्टेशनबाहेर लागलेला असतो. त्यावर पांढऱ्या कोटातली एक मुलगी हसत असते आणि अभ्यासक्रम कोणताही असो, तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतोच. क्ष-किरण तंत्रज्ञाला त्याचा काय उपयोग, असा प्रश्न फ्लेक्स छापणाऱ्याला पडत नाही, पाहणाऱ्यालाही पडत नाही. खाली ‘१००% जॉब गॅरंटी’ आणि ‘आयएसओ प्रमाणित’ असे लिहिलेले असते. आयएसओचा तो शिक्का कार्यालयाच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळतो. तो बिस्किटांच्या कारखान्यालाही असतो आणि पदवीच्या मान्यतेशी त्याचा संबंध नसतो. फ्लेक्सनंतर इमारत पाहिली जाते. तिला निळी काच असेल तर अर्धा निर्णय गेटवरच होतो. उरलेला अर्धा बदलापूरचे मामा करतात, कारण त्यांच्या सोसायटीतला कोणीतरी ‘त्याच लाइनीत’ असतो.

टॅगच्या जागी महाविद्यालयाकडे काय पाहायचे असते, ते फार अवघड नाही. सरकारी आणि बहुतेक खासगी आरोग्य महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली असतात, हा पहिला वर्ग; हे विद्यापीठ १९९८ सालचे. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या जागा नीटच्या गुणांवर, सीईटी सेलच्या फेऱ्यांतून भरतात. दुसरा वर्ग अभिमत विद्यापीठांचा. त्यांची पदवी त्यांचीच आणि शुल्कही त्यांचेच. तिसऱ्या वर्गाला कळंबात ‘सेंटर’ म्हणतात. ते मोबाइलच्या दुकानावरच्या गाळ्यात असते, त्याचे विद्यापीठ दोन राज्ये ओलांडल्यावर लागते आणि परीक्षेचे ‘ते आम्ही बघून घेऊ’ असे आश्वासन तोंडी मिळते. या वर्गाला इतिहास आहे. छत्तीसगडने २००२ च्या कायद्याखाली शंभरावर खासगी विद्यापीठे उघडू दिली होती, त्यांतली कित्येक एकेका खोलीत नांदत होती. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये ती सगळी एका निकालात गेली. खोल्या तेवढ्या राहिल्या. २०२५ च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने आरोग्य शाखांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमही बंद केले. घरबसल्या सुई टोचायला शिकवण्याची सोय इतके दिवस चालू होती, हे यावरून कळते.

खरा टॅग मात्र कागदाचा नसतो, तो रुग्णालयात असतो. या पदव्या फळ्यावर शिकता येत नाहीत. रक्त घ्यायला शीर सापडावी लागते आणि शीर सापडायला शेकडो दंड हातात यावे लागतात. म्हातारीचा, तान्ह्या बाळाचा, तापाने सुकलेल्या वीटभट्टीवरच्या मजुराचा. प्लॅस्टिकच्या हातात शीर नेहमी ठरल्या जागीच मिळते. म्हणून महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय कोणते, ते किती अंतरावर आहे आणि त्यात रुग्ण किती, हेच तीन प्रश्न कामाचे, आणि नेमके तेच कोणी विचारत नाही. विचारले तर सभ्य चेहऱ्याने ‘टाय-अप आहे’ असे उत्तर येते. टाय-अप म्हणजे एक पत्र असते. त्या पत्राच्या जोरावर तीस मुले आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या रुग्णालयात जातात आणि मुख्य तंत्रज्ञाच्या पाठीकडे पाहून येतात.

रुग्ण मोजायची सोपी रीत ग्रामीण भागाला ठाऊक आहे. सकाळी दहा वाजता बाह्यरुग्ण विभागाबाहेरच्या चपला पाहाव्यात. चपला कमी आणि कुंड्या जास्त दिसल्या तर शिक्षण कशाचे होणार हे कळते. ही पाहणी मात्र तपासणीच्या दिवशी करू नये. त्या दिवशी खाटा भरतात, चादरींना घडीच्या रेघा असतात आणि रुग्णांना दुपारी चांगले जेवण मिळते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासणीत भाड्याचे रुग्ण आणि कागदावरचे प्राध्यापक दाखवल्याच्या आरोपांवरून सीबीआयने २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला, तेव्हा चकित झालेल्यांमध्ये या क्षेत्रातले फारसे कोणी नव्हते.

उलट उदाहरण नेरळहून एका लोकलवर आहे. परळच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली, ती आशियातली पहिली मानली जाते. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी आधी स्वतः परदेशात जाऊन हे शास्त्र शिकून घेतले होते. पोलिओने मुले पंगू होत होती, त्या काळात, १९५३ मध्ये, तिथेच फिजिओथेरपीची शाळा निघाली. तिथे रुग्ण आधी होते, शाळा नंतर आली. आता पुष्कळ ठिकाणी शाळा आधी येते आणि रुग्णांची वाट पाहिली जाते. केईएमच्या इमारतीला निळी काच नाही, ओपीडीत उभे राहायला जागा नाही आणि माहितीपत्रकात छापावे असे कारंजेही नाही. त्यामुळे कळंबच्या चर्चेत ते ‘जुनाट’ ठरते. तिथल्या जागा थोड्या आणि गुणांची रांग मोठी, हे कारण मग सांगावे लागत नाही.

अंतराचा विचार घरात फार बारकाईने होतो. कळंबहून टमटमने नेरळ, तिथून परळपर्यंत दोन तासांच्या आसपास लोकल आणि परतीला उभ्याने प्रवास. पावसाळ्यात त्याचाही भरवसा नाही. जुलै २०१९ मध्ये वांगणी आणि बदलापूरच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली होती. म्हणून ‘पोरीला दारातून बस आहे’ हा मुद्दा रुग्णालयाच्या खाटांवर मात करतो. बस पिवळी आणि वातानुकूलित असते. तिच्यात बसून विद्यार्थिनी वेळेवर अशा ठिकाणी पोहोचते, जिथे रुग्ण पोहोचत नाहीत.

शुल्काचे प्रकरण थोडक्यात आटपते. शुल्क नियामक प्राधिकरण २०१५ च्या कायद्याने आले आणि आकडा मंजूर करते. पुढे अनामत, गणवेश, ग्रंथालय आणि ‘इतर’ हे मंजुरीच्या बाहेरून येतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये घेतला, पण तो सरकारी फेरीतून मिळालेल्या प्रवेशाला लागू आहे. मामांच्या ओळखीने मॅनेजमेंट कोट्यात ‘बसवून दिलेल्या’ जागेला नाही. ठाकूर आणि कातकरी वाड्यांतील मुलांना शिष्यवृत्तीआधी जातपडताळणी गाठावी लागते, आणि आदिवासी प्रकल्प कार्यालय पेणला आहे. प्रवेशाची शेवटची तारीख अर्थातच त्याआधीची असते.

पदवीनंतरचे स्वप्न ठरलेले असते, नाक्यावर स्वतःची लॅब टाकायची. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तपासणी अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सांगितले आहे. लॅब टाकता येते. सही टाकता येत नाही. महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षातली बाई यातले पहिले वाक्य सांगते. दुसरे सांगण्याआधी चहा येतो.

चहानंतर पावती फाडतात आणि मूळ गुणपत्रिका ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतात. मूळ कागद अडकवून ठेवू नयेत आणि प्रवेश सोडल्यास पैसे परत द्यावेत, असे अनुदान आयोगाने २०१८ मध्ये बजावले आहे. ते परिपत्रक खिडकीवर लावलेले नसते.

बियाण्याच्या बाबतीत पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बी कापणीपर्यंत जपून ठेवावे, असा कृषी खात्याचा सल्ला आहे. उगवले नाही तर तक्रारीला तेच लागते. कळंबच्या घरात हे सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत पत्र्याखाली खोचलेले असते. महाविद्यालयाची पावतीही त्याच पिशवीत जाते. एकीवर लॉट क्रमांक असतो, दुसरीवर ‘रक्कम परत मिळणार नाही’.