गटाचं सरासरी वजन घटल्याबद्दल अभिनंदन

श्री. रा. रा. ॲडमिनसाहेब यांसी,


परवा आपण व्हॉट्सॲपच्या गटावर जाहीर केलंत की वर्षभरात आपल्या सभासदांचं सरासरी वजन लक्षणीय उतरलं. मागोमाग टाळ्यांची रांग लागली आणि एका उत्साही सभासदाने 'रत्नागिरी पॅटर्न' असा शब्दही काढला. लातूरला पॅटर्न आहे, मग आपल्याला का नसावा, असं मलाही वाटलं. पण हयात गेली माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात. सरासरी दिसली की हात पेन्सिलीकडे जातो, त्याला इलाज नाही.

समजा, पाच माणसं आहेत. वजनं 60, 65, 70, 95 आणि 110 किलो. सरासरी आली 80. आता शेवटची दोघं उठून गेली. उरलेल्या तिघांची सरासरी 65. पंधरा किलो उतरले, आणि कोणाच्याही अंगावरचा एक ग्रॅम हलला नाही. हे गणित नववीतल्या पोरालाही येतं. तेव्हा अभिनंदन, आणि सोबत एक किरकोळ चौकशी: आपल्याकडची शेवटची दोघं कुठे आहेत?

मला काहींचा पत्ता ठाऊक आहे. एक मिरकरवाड्याची. पहाटेपासून जेटीवर उभी, दुपारी घरी येऊन पहिला घास घेते. आपल्या नियमाप्रमाणे तिने इमानदारीत ताटाचा फोटो टाकला: भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. त्यावर एका सभासदाने विचारलं, "भात आहे की रत्नदुर्ग?" सतरा जणांनी हसून घेतलं. ती भांडली नाही. आपल्या पडद्यावर 'बाहेर पडल्या' अशी एक करडी ओळ आली असेल, आणि तिच्याखाली लगेच कोणाच्या तरी सूर्योदयाचा फोटो. दुसरी बाळंतीण. आईने पाठवलेले अळिवाचे लाडू तिने दाखवले, तर आपण स्वतः लाल फुली मारलीत. बाळ अंगावर पिणारं आहे हे तिने लिहिलं होतं, पण फुली आधी आली आणि वाचणं नंतर. तिसरा दम्याचा रुग्ण. डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी सुजलेला. त्याला 'इच्छाशक्ती' या विषयावर एक ध्वनिफीत मिळाली.

म्हणजे ज्यांना गटाची सर्वांत जास्त गरज होती ते गेले, आणि ज्यांना तसं काहीच झालं नव्हतं ते राहिले. आता एकमेकांना भाट्याच्या पुलावरचे फोटो पाठवतात. पंतप्रधानांनी फेब्रुवारी 2025 मध्ये 'मन की बात'मधून स्वयंपाकातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं सांगितलं होतं. आपण तेलाऐवजी माणसं कमी केलीत.

जे राहिले तेही शहाणे झालेत, हे आपल्या कानावर घालते. फोटोत दिसणारी काकडी आणि रत्नागिरीत खाल्ली जाणारी काकडी यांचा मेळ बसत नाही. एकच कोशिंबिरीची वाटी तीन दिवस तीन कोनांतून येते. पावलं मोजणारा फोन नातवाच्या खिशात घालून त्याला अंगणात सोडणारे आजोबा माझ्या शेजारीच आहेत. आपल्याला वाटतं शिस्त लागली. लागली ती लपवायची सवय. आणि लपवलेल्या खाण्यावर जगातल्या कुठल्याही वैद्याकडे उपाय नाही, कारण त्याला ते कळतच नाही.

बरं, नियम तरी एक असावा. 2018 च्या सुमारास अख्खा महाराष्ट्र दोन पंगतींत बसला होता. एका पंगतीत डॉ. जगन्नाथ दीक्षित: दिवसातून दोनदाच जेवा आणि 55 मिनिटांत उरका. दुसरीत ऋजुता दिवेकर: थोड्या थोड्या वेळाने खा, आपल्या मातीतलं खा, तूप-भाताला भिऊ नका. लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा मुलाकडचे दीक्षित की दिवेकर हे विचारून घेत. कोण बरोबर, हा या पत्राचा विषय नव्हे. आपला गट या दोघांपैकी कोणाचाच नाही, आपण तो स्वतः काढलात, आणि काढताना दोन्हीकडून फक्त मनाई तेवढी उचललीत. दोनदा जेवणारीला 'उपासमार करता' म्हणून बोलणी, चारदा खाणारीला 'चरत बसता' म्हणून. दीक्षितांकडे निदान आधी रक्त तपासून या असं सांगतात. आपल्याकडे तपासणी फक्त ताटाची.

यावर आपलं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. आपण दौलतराम जोगावत यांचं उदाहरण देता. 21 फेब्रुवारी 2017, मुंबई महापालिकेच्या मतदानाचा दिवस. लेखिका शोभा डे यांनी एका अतिस्थूल पोलिसाचा फोटो टाकून, मुंबईत आज भारी बंदोबस्त आहे, अशा अर्थाची कोटी केली. मुंबई पोलिसांनी कळवलं की हा माणूस आमचा नाही. निघाला तो मध्य प्रदेशचा. माझं वजन आजारपणामुळे वाढलंय, खादाडपणामुळे नाही, असं त्या गृहस्थांनी सांगितलं. पुढे मुंबईतल्याच शल्यचिकित्सकांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि वजन पुष्कळ उतरलं. आपण म्हणता, "बघा, टोमणा बसला म्हणून तर सुटका झाली!"

साहेब, उतरवलं कोणी? कोटीने? डॉक्टर, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, परिचारिका असं अख्खं रुग्णालय त्या माणसाच्या पाठीशी उभं राहिलं तेव्हा काटा हलला. टोमण्याने फक्त त्यांचा चेहरा देशभर पोचवला. ज्यांच्यावर कोटी होते आणि नंतर कोणी शल्यचिकित्सक फोन करत नाही, अशांची संख्या किती असेल, हे आपल्या सरासरीत बसत नाही म्हणून सोडून देऊ.

आणि हे फक्त माझं मास्तरणीचं मत आहे असंही समजू नका. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या जवळपास तीन हजार लोकांचा चार वर्षं मागोवा घेऊन 2014 मध्ये निष्कर्ष छापले गेले. वजनावरून आपल्याला हिणवलं जातं, वेगळं वागवलं जातं असं ज्यांनी सांगितलं, त्यांचं वजन या काळात सरासरी 0.95 किलोने वाढलं. ज्यांना तसा अनुभव नव्हता, त्यांचं 0.71 किलोने घटलं. हिणवल्यामुळेच वाढलं, असं यातून शंभर टक्के सिद्ध होत नाही. मी गणिताची आहे, एवढी सावधगिरी मला पाळावीच लागते. पण हिणवलं की उतरतं असा ज्यांचा दावा आहे त्यांनी ही आकडेवारी बघून कुठे बसायचं, ते आपणच सांगा.

आपण लोकमान्यांनाही सोडलेलं नाही. टिळक आळीत जन्मलेल्या माणसाने डेक्कन कॉलेजचं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालमीत घालवलं, आणि तुम्हाला सकाळी अर्धा तास होत नाही, असा संदेश दर जयंतीला येतो. टिळकांनी वर्ष घालवलं ते किरकोळ अंग भरण्यासाठी, हे एक. आणि त्यांना सकाळी सहाला सासूबाईंची पथ्याची पेज, सातला डबे आणि आठला लांज्याची एसटी नव्हती, हे दुसरं. त्यात जुलै. आपल्याकडे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस ओततो, आणि आपण 'घरातल्या घरात फेऱ्या मारा' म्हणता. आमच्या घरातल्या घरात फेऱ्या सुरूच असतात, साहेब. त्या मोजायला कोणी यंत्र दिलं नाही एवढंच.

आता कोणी म्हणेल, बाई, रत्नागिरीत राहून टोमण्याची तक्रार करता? खरं आहे. पुलंनी अंतू बर्वा रत्नागिरीचा दाखवला तो उगाच नाही. आमच्या आळीत लग्नानंतर वर्षभराने माहेरी आलेल्या मुलीला "काय गो, अंग धरलंस की!" हे वाक्य ओटीवर पाय ठेवायच्या आत ऐकावं लागायचं. मला त्याचा कळवळा नाही. ते बोलणं लागायचंच. पण बोलणारी काकू स्वतः समोर उभी असायची, तिच्या गुडघ्यांचं दुखणं सगळ्या आळीला पाठ होतं, आणि संध्याकाळी तीच परसातला दुधी घेऊन यायची. तुझ्या सासूचं कसं आहे, रात्रीची झोप लागते का, नवरा मुंबईहून कधी येणार, हे तिला ठाऊक असायचं किंवा ती विचारून घ्यायची. तिने मुलीला उभं आडवं पाहिलेलं असायचं. गटावर फक्त ताट दिसतं. त्या ताटाच्या अलीकडचा दिवस दिसत नाही आणि पलीकडची रात्रही. दुधी तर कोणीच आणत नाही.

शिस्त नको तर मग गट कशाला, असं आपण मागे एकाला विचारलं होतंत. प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर न्यूयॉर्कच्या एका गृहिणीने देऊन ठेवलंय. जीन नायडेच हिचं नाव. 1961 साली ती शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात जात होती. आहाराचा तक्ता चांगला होता, वजनही उतरत होतं. पण घरी ती न्हाणीघरातल्या धुण्याच्या टोपलीत बिस्किटं लपवून खायची, आणि दवाखान्यातल्या करड्या बाईंपुढे ते कबूल करायची तिची छाती होत नव्हती. शेवटी तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांना सांगितलं. मग त्यांनीही आपापल्या टोपल्या उघड्या केल्या. दर आठवड्याला बायका जमू लागल्या, वाढत गेल्या, आणि 1963 मध्ये त्यातून 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. पुढे तिने त्या बिस्किटांचे पैसे केले, तो भाग वेगळा. मुद्दा असा की तक्ता दवाखान्याचाच होता. बदलली ती ऐकणारी माणसं.

नुसते गुलाबाचे फुगे पाठवणारे गटही मी पाहिलेत, त्यांचीही भलामण करत नाही. साखर तीनशेला टेकलेल्या बाईला 'तू आहेस तशीच गोड' असं लिहिणं ही क्रूर कोटी आहे, आणि तीही पंचवीस जणी एकदम करतात.

आपल्या गटातून गेलेल्यांपैकी काही जणी हल्ली संध्याकाळी भाट्याच्या वाळूत चालतात. मीही जाते. परवा संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी एकीने आपणहून सांगितलं, "दोन मोदक म्हटलं होतं, पाच झाले." दुसरीने विचारलं, "नारळ कुणाकडचा?" मग नारळावर बरंच बोलणं झालं. वाळूच्या टोकापर्यंत गेल्यावर ती दुसरी म्हणाली, "सोमवारी सिव्हिलला माझी साखर तपासायची आहे, तूही चल, दोघींची करून घेऊ." गेल्या. यांची वजनं किती उतरली म्हणाल, तर काहींची उतरली, काहींची जागची हललेली नाहीत. पण कोणीही बाहेर पडलेलं नाही, त्यामुळे आमची सरासरी आपल्याइतकी नेत्रदीपक यायची शक्यता कमी.

तरी आपल्याला काही सुचवावंसं वाटतं. ताटाच्या फोटोंची सक्ती उठवा. लाल फुली आपल्या फोनमधून काढता येत नसेल तर निदान अंगठा आवरा. आणि कोणी गेलं की त्याच दिवशी त्याला फोन करा. परत बोलावण्यासाठी म्हणून करू नका, काय झालं एवढंच विचारा. उत्तर ऐकताना मध्ये इच्छाशक्ती हा शब्द आला नाही तर उत्तम.

कळावे, लोभ आहे तो वाढावा. वाढण्यातल्या तेवढ्या एका गोष्टीला आपली हरकत नसावी.

आपली,
गटातली एक मूक सभासद

ता. क. आपण सडपातळ आहात, आणि त्या बळावर गट चालवता, म्हणून एक गोष्ट काळजीपोटी सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघंही बारीक, दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के, आणि आपल्या पुणेकर याज्ञिकांची 21.2 टक्के. आपण भारतीय लोक काट्यावर हलके आणि आतून चरबीदार असू शकतो, आणि मधुमेह काट्याला विचारून येत नाही, एवढा त्याचा अर्थ. म्हणून शिंप्याकडची टेप घेऊन एकदा कंबर मोजून बघा. आपल्याकडच्या पुरुषांना 90 सेंटिमीटरपर्यंत ठीक म्हणतात. मोजताना पोट आत ओढू नका, श्वास सोडलेला असू द्या. आकडा गटावर टाकायची काही गरज नाही. मला खाजगीत कळवलात तरी चालेल, मी काही बोलणार नाही.