आठ इंची शांतता
अमेरिकेत मिसूरीतल्या लेक ऑफ द ओझार्क्सवर निवांतपणासाठी जाणाऱ्यांचं साडेसहा इंची स्पीकरवर भागत नाही. आठ इंचीच हवेत. म्हणजे फायबरग्लासच्या बोटीतली स्पीकरची भोकं वाढवणं आलं. जुन्या भोकात होल-सॉच्या, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या करवतीच्या, मधल्या ड्रिलला टेकायला जागाच नसते, म्हणून आधी तिथे प्लायवूडची चकती घट्ट बसवायची. वर मास्किंग टेप लावायची आणि सॉ सुरुवातीला उलटा फिरवायचा, नाहीतर जेलकोटचे, म्हणजे बोटीच्या वरच्या चकचकीत थराचे, टवके उडतात. शिवाय कापताना उडणारी फायबरग्लासची धूळ अंगावर बसली की रात्रभर खाजवत बसा! आत बाल्साचं लाकूड निघालं तर कापलेल्या कडेला इपॉक्सी हवाच; नाहीतर पाणी मुरून ते कुजतं. पण एवढा धीर कुणाला? शनिवारी गाणी वाजलीच पाहिजेत. बोटीतलं पाणी उपसणारा पंप चालू आहे की बंद, हे आता कुणालाच ऐकू येत नाही.