सुरतच्या नव्या स्टेशनसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट हब साहेब,
(सध्या बांधकाम चालू), सुरत.

विषय : जनरल डब्याच्या रांगेला जागा मिळणेबाबत.

महोदय,

अर्जदार खानदेशातून पोटासाठी सुरतेत आलेल्यांपैकी एक. आपण अजून पुरते उभे राहिला नाहीत, पण आपले फोटो फार आधी पोचले. फेब्रुवारी 2022 मध्ये तेव्हाच्या रेल्वे राज्यमंत्री आणि सुरतच्या खासदार दर्शना जरदोश यांनी आपले नियोजित रूप समाजमाध्यमांवर दाखवले. रोषणाई पाहून अर्जदाराचे डोळे दिपले. अशा चित्रांत माणसे नेहमी विरळ असतात, आणि कोणाच्याही डोक्यावर बोचके नसते. ही माणसे कोणत्या गाडीने येतात, तेवढे कळवावे. अर्जदार त्याच गाडीचे तिकीट काढील.

आपल्या घराण्याची माहिती आपणांस कोणी दिली आहे की नाही, कल्पना नाही. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची पहिली गाडी फेब्रुवारी 1860 मध्ये धावली ती अंकलेश्वर ते उत्राण. उत्राण म्हणजे तापीच्या पलीकडचा काठ. त्याच साली रूळ सुरतेत आले. मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत गाडी जायला मात्र 1864 उजाडले. तेव्हा मुंबईमुळे सुरतेला रेल्वे मिळाली असे कोणी सांगू लागला, तर त्यास ही तारीख दाखवावी.

अर्जदाराचा संबंध येतो तो दुसऱ्या रुळाशी. किलिक निक्सन कंपनीच्या तापी व्हॅली रेल्वेने 1900 मध्ये नंदुरबार-अमळनेरच्या वाटेने जळगाव सुरतेला जोडले. कंपनीला कापूस हवा होता; कापसाच्या मागोमाग माणूस आला. मराठी माणूस 1664 आणि 1670 मध्ये सुरतेत आला तो घोड्यावरून, त्याची नोंद इतिहासात आहे. पुढे तो पॅसेंजरने आला, लूमवर बारा तासांची पाळी करायला. त्याची नोंद उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीच्या रेशनकार्डांवर आहे.

जुन्या स्टेशनाने काय काय सोसले! सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले; मिळेल त्या गाडीला माणसे लटकली. मग महापालिका आयुक्त एस. आर. राव आले, शहर धुऊन निघाले, आणि 2016 च्या रेल्वेच्या स्वच्छता पाहणीत ए-वन वर्गात याच सुरत स्टेशनाचा पहिला नंबर लागला. काचेची भिंत नसताना लागला, हे विशेष.

फ्लाइंग राणीचे तर काय सांगावे. 1906 साली सुरू झालेली ही बाई मध्ये मध्ये रुसली, पण 1979 पासून डबल डेकर डबे मिरवत पहाटे मुंबईला निघायची. वरच्या मजल्यावर रुमाल टाकून जागा धरणारे पासधारक हे तिचे खरे मानकरी. जुलै 2023 मध्ये ते डबे काढून नवे लावले गेले. प्रगती झाली, मजला गेला.

आता आपला हिशेब. सुमारे पावणेपंधराशे कोटींचा खर्च; रेल्वे, एसटी, बीआरटीएस, मेट्रो एका छताखाली, शिवाय व्यापारी संकुल. त्यासाठी काढलेल्या कंपनीत रेल्वेचा वाटा 63 टक्के, राज्य सरकारचा 34 आणि सुरत महापालिकेचा 3. ज्या शहराचे नाव फलकावर लागणार, त्याचे तीन टक्के! चहाच्या टपरीवरही नाव देणाऱ्याला याहून जास्त मिळते.

आपल्या जन्मासाठी जुन्या स्टेशनाचे काही प्लॅटफॉर्म बंद झाले आणि 2024 पासून पुष्कळ गाड्या उधन्याला हलवल्या. वराछाचा प्रवासी वैतागला. उधन्यात राहणारा अर्जदार मात्र खूश, कारण इतकी वर्षे घरामागून शिट्टी वाजवत निघून जाणाऱ्या गाड्या त्याच्या दारात थांबू लागल्या. दरम्यान शहराबाहेर अंत्रोलीला बुलेट ट्रेनचे स्टेशन हिऱ्याच्या घाटाचे दर्शनी रूप घेऊन उभेही राहिले. सुरतेला हिरा शोभतो, यात वाद नाही.

फक्त एक गोष्ट विसरू नये. 11 नोव्हेंबर 2023, दिवाळीच्या तोंडावर बिहारकडे निघालेल्या गाडीत चढताना याच स्टेशनावर चेंगराचेंगरी झाली आणि एक प्रवासी मेला. दिवाळी आणि छठला जी रांग लागते ती अर्जदाराने पाहिली आहे : रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसलेली माणसे, डब्याच्या कडीला सुतळीने बांधलेली चप्पल, कापडाच्या तुकड्यांत गुंडाळलेला मिक्सर. लूम चालवणारे, साडीवर खडे चिकटवणारे, हिरे घासणारे हे लोक. शहराची श्रीमंती यांच्याच हातांतून जाते आणि यांनाच गाडीच्या दाराशी हाणामारी करावी लागते.

सबब विनंती की, संकुलातील दुकानांचे गाळे मोजून झाल्यावर जनरल डब्याच्या रांगेसाठी छत, पंखे, पाण्याचे नळ आणि फुकट संडास असलेला एक प्रशस्त मंडप नकाशात घालावा. तो दर्शनी बाजूला नसला तरी चालेल. सणाच्या दिवसांत जादा गाड्या महिनाभर आधी जाहीर व्हाव्यात. आणि फलकांवर गुजराती, हिंदी, इंग्रजीच्या जोडीला मराठी लिहायला रंग उरला, तर अर्जदाराची हरकत नाही.

आपला विश्वासू,
सुरत–भुसावळ पॅसेंजरचा एक प्रवासी